गळ्यावरची कवनं

आमच्या टेंभुर्णीच्या पेठेत मूलचंद आणि दीपचंद या भावांचं कापडाचं दुकान होतं. त्यांचे आजोबा मारवाडातून आले आणि इथलेच झाले. घरात मारवाडी, दुकानात मराठी आणि कचेरीत उर्दू, अशा तीन भाषा त्या घरात सहज चालायच्या. थोरले मूलचंद गज हातात धरून कापड मोजत. धाकटे दीपचंद गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवत. धंद्यात त्यांचं डोकं फारसं नव्हतं, पण जीभ मोठी तल्लख होती. समोरच्या माणसाला बघता बघता ते त्याच्यावर चार ओळी जुळवून म्हणत, आणि तो माणूस हसत हसत दोन वार जास्त कापड घेऊन जाई. त्यांच्या या चार ओळींना गाव कवन म्हणायचं.

दीपचंदांची कडूबाशी मैत्री झाली ती अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात. तेव्हा रझाकारांच्या भीतीनं पेठ बंद पडली होती आणि ज्याला जमेल तो निजामाची हद्द ओलांडून वऱ्हाडात जात होता. दीपचंदांना, त्यांच्या बायकोला चंदनबाईला आणि दोन मुलींना कडूबानं आपल्या बैलगाडीतून देऊळगावला पोचवलं. वर कडब्याचे भारे आणि खाली माणसं, अशी ती गाडी भर उन्हात चालली होती. धाकटी मुलगी रडायची थांबेना. मोठ्यानं गाणं धोक्याचं होतं, म्हणून कडूबा बैलांशी बोलल्यासारखा हळू आवाजात गात राहिला. मुलगी झोपली. दीपचंद भाऱ्याखाली पडून ऐकत होते. पुढे ते सांगत की त्या दिवशी आपल्याला भीती कमी वाटली आणि नवल जास्त वाटलं, की हा माणूस इतकी वर्षं आपल्या दुकानासमोरून जात होता आणि आपल्याला पत्ता नव्हता.

कडूबा शेतकरी घरातला. आधीची दोन लेकरं गेली म्हणून आईनं याचं नाव कडूबा ठेवलं होतं. मारुतीच्या देवळात शनिवारी संध्याकाळी भजन व्हायचं, त्यात तो पुढचा गाणारा. पेटीवर रामकिसन बसायचा. जुन्या अभंगांना नव्या चाली लावायचं वेड रामकिसनाला होतं. तिसरी सगुणाबाई. ती देवळात गायची नाही, पण तालुक्यात कुठंही लग्न असलं की तिला बोलावणं यायचं. हळदीची, रुखवताची, विहिणीला टोचणारी गाणी ती उभ्या उभ्या रचायची. हे तिघं म्हणजे गावाचं गाणं. दीपचंदांना स्वतःला सूर धरता येत नव्हता. ते देवळाच्या ओट्यावर बसून ऐकत.

वाढदिवसांचा प्रकार एक्कावन्नच्या शिरगणतीत सुरू झाला. लिहितावाचता येतं म्हणून दीपचंदांना गणतीच्या कामाला लावलं होतं. घरोघर वय विचारायचं आणि कागदावर लिहायचं. कडूबाच्या घरी त्याची आई तुळजाबाई ओसरीवर तूर पाखडत होती. लेकाचं वय विचारल्यावर ती म्हणाली, "मानमोडीच्या सालचा हाय. पोळा होऊन गेल्ता. बैलाच्या शिंगाचा रंग वाळला नव्हता, तवा झाला."

मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची, साथ अठरा सालची; त्या हिशेबानं दीपचंदांनी वय लिहिलं आणि जाताना कडूबाला म्हणाले की तुझा वाढदिवस सापडला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आता तो करावा लागणार. गावात वाढदिवस हा शब्दच नवा होता. लेकराचं बारसं करत, मेलेल्याचं श्राद्ध करत, पण जिवंत मोठ्या माणसाच्या जन्मदिवसाचं काय करतात, हे कुणाला ठाऊक नव्हतं. त्या साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भजनी मंडळी देवळासमोर जमली, दीपचंदांनी पेढे वाटले, आणि उभं राहून कवन म्हटलं.

कडूबाचा जन्म झाला,
पहिला टाहो फोडला,
सुईण म्हणे, बाई गं,
मोटेचा कणा मोडला!

लोक पोट धरून हसले. सगळ्यात जास्त कडूबा हसला. त्याच्या आवाजाला मुळातच थोडी खर होती, मोटेच्या चाकाला असते तशी. पण वरच्या सुरावर गेला की तीच खर अशी काही वाजायची की ऐकणारा मान खाली घालायचा. गावाला हे ठाऊक होतं, म्हणूनच त्या गळ्याची चेष्टा गोड लागत होती. दीपचंद त्या आवाजाला वाईट म्हणत ते तो चांगला असल्याची खात्री होती म्हणून.

मग बाकीच्यांनाही वाढदिवस पाहिजे झाले. रामकिसनाचा दसरा ठरला. त्याच्या पेटीला दीपचंदांनी सोडलं नाही:

रामकिसनाची पेटी,
भात्याला ठिगळं पाच,
सूर मागून निघतो,
आधी झुरळांचा नाच.

सगुणाबाईला एवढंच आठवत होतं की आपण हुरड्याच्या दिवसांतल्या. तिचा दिवस दीपचंदांनी स्वतःच नेमला आणि भर लग्नमांडवात तिच्यावर म्हटलं:

सगुणाबाईचं गाणं
सुरू झालं हळदीला,
संपलं तवा नवरी
आली होती डोहाळ्याला.

सगुणाबाईनं तिथल्या तिथं दीपचंदांच्या टकलावर तीन कडवी गाऊन उट्टं काढलं. अशी तीन-चार वर्षं मजेत गेली. दीपचंद ही कवनं एका लांबट वहीत सालवार उतरवून ठेवत. मूलचंद कधी रागावत की दुकान सोडून हे काय चाललंय. पण शनिवारच्या बाजारात लोक दुकानात येऊन नवं कवन विचारू लागले, तेव्हा तेही गप्प बसले.

चोपन्न साली होळीच्या भजनात कडूबाचा वरचा सूर लागला नाही. त्यानं दोनदा खाकरून पाहिलं आणि हात हलवून पुढचं कडवं रामकिसनाला म्हणायला लावलं. पुढं रामकिसनानं पेटीची पट्टी उतरवली. काळी चारमध्ये गाणारा कडूबा काळी एकवर आला. उन्हाचा त्रास झाला असेल, शेतात ओरडून ओरडून बसला असेल, असं सगळे म्हणाले. वैद्यानं ज्येष्ठमध चघळायला दिला. त्या साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दीपचंदांनी म्हटलं:

गळा आहे का घागर,
खडे त्यात वाजतात,
वरचा सा लावताना
कावळेही लाजतात.

कडूबा हसला. तो हसला म्हणून सगळे हसले. त्याच्या पुढच्या साली आवाज आणखी खाली गेला. बोलतानाही तो फाटू लागला. कडूबा आता भजनात टाळ वाजवायचा आणि फक्त ध्रुपद धरायचा. घरी द्वारकाबाईनं, त्याच्या बायकोनं, एकदा म्हटलं की एवढा आवाज बसून राह्यलाय, कुणाला तरी दाखवा. कडूबा म्हणाला की अगं, माझा गळा असाच हाय, दीपचंदशेठला विचार. त्या पोळ्याला त्याच शेठनं गावाला आणखी एक कवन दिलं:

बेडकानं अर्ज केला
कचेरीत वारंवार,
गळा माझा चोरला हो,
कडूबा हा गुन्हेगार.

हे कवन फार गाजलं. जाफराबादच्या कचेरीत ते कुणी कारकुनानं उतरवून घेतलं म्हणे. रस्त्यात पोरं कडूबाला पाहून डराव डराव करायची. कडूबाही तसाच आवाज काढून त्यांना उत्तर द्यायचा, आणि तो आवाज काढायला त्याला काही करावं लागत नव्हतं.

छप्पन्नच्या वैशाखात कडूबाला गिळताना दुखू लागलं. भाकरी सुटली, तो दुधात कालवून खाऊ लागला. अंग उतरलं. तेव्हा द्वारकाबाई स्वतः दुकानात आली आणि दीपचंदांना म्हणाली की माझं ते ऐकत नाहीत, तुम्ही सांगितलं तर येतील. मंगळवारी तिघं जालन्याच्या मोटारीत बसले. तिथल्या एका दवाखान्यात मंगळवारी घशाचे डॉक्टर येत. दुपारपर्यंत ओळीत बसल्यावर आत बोलावणं आलं.

डॉक्टरांनी कपाळाला आरसा बांधला, कडूबाची जीभ कापडात धरून ओढली आणि बराच वेळ आत पाहिलं. मग मानेच्या बाजूनं बोटं फिरवली. आवाज कधीपासून बसलाय, असं त्यांनी विचारलं. द्वारकाबाई म्हणाली, दिवाळीपासून. कडूबा म्हणाला, थंडीपासून. डॉक्टर लिहीत होते.

दीपचंदांना घागरीचं कवन आठवलं. ते कुठं उभं राहून म्हटलं, कोण कोण बसलं होतं, सगळं आठवलं, आणि त्याच्या आधी होळीला न लागलेला सूरही. ते म्हणाले, "दोन वर्षं झाली. परवाच्या होळीला दोन वर्षं पुरी झाली."

डॉक्टरांनी मान वर करून विचारलं की इतकं नक्की कसं सांगता.

मग डॉक्टरांनी त्या दोघांना बाहेर बसायला सांगितलं आणि दीपचंदांना थांबवलं. आवाजाच्या पडद्यावर गाठ आहे, ती आता मानेतही उतरली आहे, वाईट जातीची आहे, असं त्यांनी सरळ सांगितलं. मुंबईला विजेचे शेक देतात, पण आता पाठवलं तर नुसते हाल होतील. दीपचंदांनी विचारलं की आधी आणलं असतं तर. डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. मग म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर मी यांना त्याच दिवशी मुंबईला पाठवलं असतं. गाणाऱ्या माणसाचा आवाज बसतो आणि गाव काय करत होतं?"

गाव हसत होतं. हे दीपचंदांनी डॉक्टरांना सांगितलं नाही. पण चंदनबाईला त्यांनी त्या दिवशी घरी गेल्यावर सांगितलं, आणि तिच्याकडून ते पुढं आम्हाला कळलं.

मोटारतळावर कडूबा रांजणातलं पाणी प्यायला गेला, तेवढ्या वेळात दीपचंदांनी द्वारकाबाईला खरं ते सांगितलं. ती खाली बसली. तिनं पदर तोंडात धरला. कडूबा परत येताना दिसला तशी उठली आणि घाईनं म्हणाली, "त्यांना सांगू नका, शेठ. पेरण्या व्हायच्यात. जितके दिवस जातील तितके जाऊ द्या." कडूबाला सूज आहे म्हणून सांगितलं. दिलेल्या गोळ्या नुसत्या वेदना कमी करायच्या होत्या.

तो पावसाळा कडूबानं शेतात काढला. औत धरायची ताकद राहिली नव्हती, गडी लावून बांधावर बसून काम करून घेतलं. दीपचंद दर दोन दिवसांनी जाऊन यायचे. पोळा जवळ आला तशी त्यांची झोप उडाली. कवन म्हटलं नाही तर गाव विचारील. म्हटलं तर काय म्हणायचं. वही घेऊन ते दुकानाच्या मागच्या खोलीत बसत आणि तशीच मिटून उठत. शेवटी त्यांनी कवनाला कडूबाची मिशी धरली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी देवळासमोर नेहमीसारखी मंडळी जमली. कडूबा खांबाला टेकून बसला होता, गळ्याभोवती उपरणं होतं. रामकिसन, सगुणाबाई, पेठेतले लोक, पोरं, सगळे होते. दीपचंद उभे राहिले.

कडूबाची मिशी पाहा
डावीकडं जरा लांब,
एक टोक गेलं शेती,
दुसरं म्हणतं, थांब.

लोक हसले, पण बेताचंच. कुणी तरी मागून बेडकाचं म्हणा म्हणून ओरडलं. दीपचंदांनी न ऐकल्यासारखं करून पेढे वाटायला घेतले. कडूबा हसला नव्हता. त्यानं पेढा हातात घेतला, पाहिला, आणि शेजारच्या पोराला देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताना तो पायरीवर बसलेला होता. मूलचंद अजून आले नव्हते. त्याचा आवाज आता फुंकरीएवढा उरला होता, ऐकायला जवळ बसावं लागायचं. दीपचंद जवळ बसले.

"शेठ, औंदा गळ्याचं काहीच न्हाई?"

दीपचंद म्हणाले की दरसाल तेच तेच काय म्हणायचं, म्हणून या खेपेला मिशी घेतली.

"पाच साल तुमी माझा गळा धरला. औंदा सोडला," कडूबा म्हणाला. "जालन्याला डागदरनं तुमाला एकट्याला आत ठेवलं, तवाच मला शंका आल्ती. पर म्हनलं, शेठ खोटं बोलनार न्हाई. कवनात तर बिलकुल न्हाई. काल समजलं. आता बराबर सांगा."

दीपचंदांनी सांगितलं. गाठीचं सांगितलं, मानेत उतरल्याचं सांगितलं, डॉक्टर मुंबईचं काय म्हणाले तेही सांगितलं. दोन वर्षांपूर्वीचं मात्र त्यांच्या तोंडून निघेना. तेव्हा कडूबानंच विचारलं की आधी गेलो असतो तर काही झालं असतं का. दीपचंद हो म्हणाले. मग म्हणाले, "तेव्हा मी घागरीचं कवन केलं."

कडूबा पेठेकडं बघत राहिला. समोर कुणी झाडून घेत होतं. तो म्हणाला की मला ते कवन आवडलं होतं. रागानं म्हणाला नाही, समजूत घालण्यासाठीही नाही. उठताना त्यानं दीपचंदांच्या खांद्याचा आधार घेतला आणि म्हणाला, "मला गळ्याचं कवन पाह्यजे. मी हाय तवर. उगी मिशीवर नका भागवू."

दीपचंदांना ते जमायला अडीच महिने लागले. त्या अडीच महिन्यांत त्यांचं जेवण तुटलं. चंदनबाईनं उपास-तापास केले, मूलचंदांनी गावाला जाऊन ये म्हणून सांगितलं. ते कुठंच गेले नाहीत. रोज संध्याकाळी कडूबाकडं जाऊन बसत. कडूबा तोंडानं विचारत नव्हता, नुसता भुवया वर करून बघायचा, आणि दीपचंद मान हलवून नाही म्हणायचे. नोव्हेंबरात आपला मुलूख हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला. पेठेत पताका लागल्या, भाषणं झाली, शाळेत खाऊ वाटला. गावाला वाटलं दीपचंद त्यावर काही म्हणतील. त्यांनी हात जोडले.

कार्तिक संपता संपता एका दुपारी ते वही न घेताच कडूबाकडं गेले. कडूबा आता आडवा झोपू शकत नव्हता, श्वास कोंडायचा. भिंतीला वाकळा रचून त्याला बसतं ठेवलं होतं. द्वारकाबाई मागच्या अंगणात होती. दीपचंद त्याच्याजवळ बसले आणि हळू आवाजात म्हणाले:

यमाचा आला रे दूत
कडूबाला न्यायासाठी,
गाणं ऐकून पळाला,
विसरून गेला काठी.

यम म्हणे, बोळे घाल
कानात अन् जा परत,
इथं सारे मेलेलेच,
कोण गाण्यानं मरतं?

कडूबाचे खांदे हलू लागले. तो हसत होता, पण आवाज नव्हता. डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं बोटानं खूण केली, पुन्हा. दीपचंदांनी पुन्हा म्हटलं, या खेपेला जरा मोठ्यानं. हसता हसता कडूबाला ठसका लागला आणि तो थांबेना. श्वास वर ओढला गेला, चेहरा काळानिळा झाला. द्वारकाबाई धावत आली. तिनं दारातच यमाचं नाव ऐकलं होतं. तिनं नवऱ्याची पाठ चोळली, त्याला पाणी पाजलं. ठसका थांबला, कडूबानं मान मागं टाकली. मग ती दीपचंदांकडं वळली.

"तुमी हसवत गेले आन् आमी हसत बसलो," ती म्हणाली. "त्याच्यात मानूस हातचं गेलं. आता माझ्या घरात हसू नका, शेठ."

कडूबानं हात वर केला. त्याला काही सांगायचं होतं, पण ओठ हलले आणि आवाज निघाला नाही. ते कवन त्यानंच मागितलं होतं, हे दीपचंद सांगू शकले असते. त्यांनी सांगितलं नाही. चपला घालून ते निघाले.

त्याच आठवड्यात कडूबाचा श्वास फार कोंडला म्हणून भाऊ कचरू त्याला जालन्याला घेऊन गेला. तिथं गळ्याला भोक पाडून नळी बसवली. त्यानंतर श्वास घेता येऊ लागला, पण फुंकरीएवढा होता तोही आवाज गेला. नळीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. लहान लेकरं भ्यायची. दीड महिना तो तसा राहिला. दीपचंद रस्त्यापर्यंत जायचे, कचरूला बाहेर बोलावून विचारायचे आणि परत यायचे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी कडूबा गेला. भजनी मंडळ गात गात त्याला घेऊन गेलं. दीपचंद सगळ्यांच्या मागून चालत होते.

पुढं त्यांनी कवन केलं नाही. दसऱ्याला रामकिसन येऊन बसला, विषय न काढता निघून गेला. सगुणाबाई मात्र बोलली. ती म्हणाली की दीपचंदभाऊ, तुमच्या कवनानं कुणाला गाठ होत नसते, कशाला जिवाला लावून घेता. दीपचंद म्हणाले की गाठ होत नाही, पण झाकली जाते.

त्यानंतर त्यांना एक खोड लागली. गावात कुणाचा आवाज बसला असं कानावर आलं की ते त्याच्या घरी जायचे. किती दिवस झाले, गिळताना दुखतं का, मानेला काही लागतं का, असं विचारायचे आणि मंगळवारी जालन्याला चला म्हणून पाठीस लागायचे. शाळेतल्या एका मास्तरांना नेलं, त्यांना पडसं झालं होतं. भाजी विकणाऱ्या पुष्पाबाईच्या सासूला नेलं, ती ओरडून ओरडून घोगरी झाली होती. तीन वर्षांत त्यांनी दहा-अकरा माणसं नेली आणि बहुतेकांना काहीच निघालं नाही. गाव आता त्यांना हसू लागलं. पेठेत ते दिसले की पोरं घसा धरून खोकायची. मूलचंदांना ते सहन होईना. त्यांनी भावाला बजावलं की लोक दुकानात यायला कचरतात, दुकानात शिरल्यावर तू गळा तपासतोस म्हणतात. दीपचंद ऐकून घेत आणि मंगळवारी मोटारतळावर जात.

एकाला मात्र खरंच निघालं. रखमाजी नावाचा म्हातारा सालदार होता. त्याला डॉक्टरांनी मुंबईची चिठ्ठी दिली, अजून वेळ आहे म्हणाले. रखमाजी गेला नाही. मुलांनी जाऊ दिलं नाही. बाप धडधाकट नेला आणि दीपचंदशेठनं आजार लावून आणला, असं ते गावभर सांगत सुटले. दीपचंद त्यांच्या दारात तीनदा गेले. तिसऱ्यांदा त्यांना ओट्यावरून खाली उतरवलं. वर्षभरात रखमाजी गेला. त्याच्या मयतीला दीपचंद गेले तेव्हा त्यांना कुणी बसायला सांगितलं नाही.

साठच्या वैशाखात, महाराष्ट्र झाला त्याच्या पंधरवड्यानंतर, द्वारकाबाई दुकानात आली. साडेतीन वर्षांत तिनं पायरी चढली नव्हती. बरोबर तिची लेक उषाबाई होती, केदारखेड्याला दिलेली, कडेवर तान्हं पोर. उषाबाईचा आवाज दोन महिन्यांपासून बसला होता. सासरची माणसं म्हणत होती की बाळंतपणाची गार लागली. द्वारकाबाई मूलचंदांकडं बघून म्हणाली की मंगळवारी जायचंय, शेठला सांगा. दीपचंद तिथंच बसलेले होते. ते म्हणाले, येतो.

मोटारीत माय-लेकी पुढं बसल्या, दीपचंद मागं. दवाखान्यात तेच डॉक्टर होते, केस पांढरे झालेले. ते दीपचंदांना आता नावानं ओळखत. त्यांनी आरसा बांधून पाहिलं, मान चाचपली आणि पडद्यांना सूज आहे, तीन आठवडे बोलायचं नाही, औषध घ्यायचं आणि पुन्हा दाखवायचं, असं सांगितलं. गाठ नव्हती. द्वारकाबाईनं पुन्हा विचारलं, आणि डॉक्टर पुन्हा नाही म्हणाले. बाहेर आल्यावर ती भिंतीशी जाऊन उभी राहिली आणि तिथं बराच वेळ रडली. उषाबाईला बोलायची मनाई होती. ती नुसती आईच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. दीपचंद लेकराला घेऊन लांब थांबले.

उषाबाईचा आवाज आषाढात परत आला. द्वारकाबाईनं दीपचंदांचे आभार मानले नाहीत आणि जुनं काही काढलं नाही. त्यांनीही माफी मागितली नाही. ती कशी मागायची, ते त्यांना ठाऊक नव्हतं. श्रावणात एका बाजाराच्या दिवशी ती दुकानावरून जाताना थांबली. पायरी न चढता खालूनच म्हणाली, "पुष्पाबाईच्या मालकाचा आवाज महिन्यापासून घोगरा यिऊन राह्यला. तिला म्या सांगितलं, ती ऐकंना. तुमी जाऊन बघा."

दीपचंदांनी टोपी घातली, भावाला सांगितलं आणि निघाले.